कटऑफ जे सांगत नाही

दहावी-बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रातील लाखो घरांतली चर्चा ‘कटऑफ’ या एका शब्दाभोवती फिरू लागते. गेल्या वर्षी अमुक कॉलेज किती टक्क्यांवर बंद झाले, यंदा किती वर जाईल, आपला नंबर लागेल का, याची शेजारी, नातेवाईक आणि क्लासचे सर आपापल्या परीने उत्तरे देत असतात. ज्या मुलाला किंवा मुलीला पुढची दोन, तीन किंवा चार वर्षे तिथे काढायची आहेत, त्याला काय हवे आहे, तिला काय झेपेल, हे मात्र क्वचितच विचारले जाते. कटऑफ म्हणजे त्या वर्षी प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण. त्यावरून त्या कॉलेजला मागणी किती आहे ते कळते. तिथे शिकवतात कसे, प्रयोगशाळा चालते का, खर्च एकूण किती येतो, बाहेरगावच्या मुलीला राहायला जागा मिळते का, यातले काहीही त्यातून कळत नाही. तरीही आयुष्यातला एवढा मोठा निर्णय बहुतेक घरांत याच आकड्यावर घेतला जातो. दुसरे काही पाहायचे म्हटले तरी ती माहिती पालकांसमोर धडपणे येतच नाही, ही आजची खरी अडचण आहे.

एकेकाळी जागा मिळणे हाच प्रश्न होता. आज तो तसा राहिलेला नाही. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्या वर्षी उपलब्ध जागा दहावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांपेक्षा कितीतरी अधिक होत्या. तेव्हा आता प्रश्न निवडीचा आहे, आणि ही निवड करताना चुकायला फारशी मुभा नाही. अकरावीच्या अर्जात दहापर्यंत पसंती देता येतात. पण पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांचे दार बंद होते. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या (कॅप) फेऱ्यांतही 2025-26 मध्ये पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीन आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी कोणतीही पसंती मिळाली की जागा आपोआप पक्की, असा नियम होता. वारंवार जागा बदलून इतरांना ताटकळत ठेवण्याचा प्रकार थांबावा म्हणून असे नियम करावे लागतात, हे मान्य. पण ज्या व्यवस्थेत पसंतीचा क्रम इतका बांधून टाकतो, त्या व्यवस्थेने तो क्रम विचारपूर्वक लावण्याची साधनेही दिली पाहिजेत.

सर्वांत आधी पैशांचे बोलायला हवे, कारण त्याबद्दल मोकळेपणाने बोलायला घराघरांत संकोच असतो. कॉलेजच्या माहितीपत्रकातले शुल्क हा खर्चाचा एक भाग असतो. वसतिगृह किंवा खोली, मेस, प्रवास, लॅपटॉप, परीक्षा शुल्क, विकास शुल्क असे सगळे धरून चार वर्षांचा आकडा कागदावर मांडला, की अनेक घरांतला पसंतीक्रम बदलेल. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क 2015 च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते संकेतस्थळावर पाहता येते. त्यापेक्षा जास्त मागणी झाली तर तक्रार करण्याचा पालकांना हक्क आहे. जुलै 2024 मधील शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. हा निर्णय मोठा आहे. पण तो केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना लागू आहे. व्यवस्थापन कोट्यातील जागा, अभिमत विद्यापीठे आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत. चकचकीत जाहिरात पाहून एखाद्या खासगी विद्यापीठात मुलीचे नाव घालायचे आणि शुल्कमाफी मिळणार नाही हे नंतर कळायचे, अशी वेळ कोणत्याही बापावर येऊ नये. प्रवेशाआधी विचारलेला एक प्रश्न हे टाळू शकतो. शिवाय माफी शिक्षण शुल्काला आहे, जेवणाला नाही. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् या योजना आहेत. त्यांचे अर्ज कॉलेजातून वेळेवर पुढे जातात का, की विद्यार्थ्याला टेबलाटेबलावर फिरावे लागते, यावरून ते कॉलेज गरिबाच्या मुलाला किती धार्जिणे आहे ते कळते.

अंतराचेही असेच. अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. तरीही शेवटची गाडी साडेपाचला आणि प्रात्यक्षिक सहापर्यंत, असे असेल तर ते कॉलेज त्या मुलीच्या कामाचे नाही, मग त्याचा कटऑफ काहीही असो. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी 2016 च्या कायद्याने शासकीय आणि अनुदानित संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. पण तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गाला लिफ्ट नसेल तर त्या जागेचा उपयोग काय? मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी इंग्रजीतल्या व्याख्यानांचा धक्का बसतो. त्याला हाताशी धरून पहिले सत्र पार करून देणारा विभाग असेल, तर नामांकित कॉलेजातल्या दुर्लक्षापेक्षा तो कितीतरी चांगला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढून ‘कमवा आणि शिका’ला उच्च शिक्षणात जागा दिली. विद्यार्थ्याची गरज पाहून कॉलेज कसे असावे याचा याहून मोठा धडा महाराष्ट्राला बाहेरून शोधायला नको. आजही अनेक कॉलेजांत ही योजना आहे, पण प्रवेशाच्या धावपळीत तिच्याबद्दल विचारणारे थोडे.

मात्र कॉलेज ठरते ते शिक्षकांवरून. आज राज्यातल्या कितीतरी विभागांचा गाडा तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतो. त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळते, एका कॉलेजातून दुसऱ्यात धावावे लागते, आणि पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे त्यांनाच ठाऊक नसते. त्यांची तळमळ कमी असते असे अजिबात नाही. पण तीन वर्षे एखाद्या विद्यार्थ्यावर नजर ठेवणे, त्याच्या प्रकल्पाला मार्गदर्शन करणे, अडचणीत पाठीशी उभे राहणे, हे अशा अस्थिर नोकरीत घडणार कसे? अभियांत्रिकीसाठी एआयसीटीईने वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले आहे आणि शिक्षकांची यादी कॉलेजने आपल्या संकेतस्थळावर जाहीर करणे बंधनकारक आहे. ती यादी उघडून पाहावी. नावे किती, पूर्णवेळ किती, गेल्या दोन वर्षांत किती जण सोडून गेले, हे विचारावे. 2024-25 पासून एआयसीटीईने एकेका शाखेतील जागांवरची कमाल मर्यादा उठवली. त्यानंतर जिथे संगणकाच्या तुकड्या भराभर वाढल्या, तिथे तर हा प्रश्न आवर्जून विचारायला हवा. जागा मंजुरीच्या पत्राने वाढतात, शिक्षक तसे वाढत नाहीत. शक्य असेल तर कॉलेज चालू असताना एखाद्या दिवशी तिथे जावे आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलावे. गेल्या सत्रात किती प्रात्यक्षिके प्रत्यक्ष झाली, ग्रंथालय कितीपर्यंत उघडे असते, एटीकेटी लागलेल्याला कोणी विचारते का, हे ती मुले खरेखुरे सांगतात.

अकरावीत तर न शिकवणारी कॉलेजेच कित्येकांना सोयीची वाटू लागली आहेत. क्लासशी संगनमत केलेल्या, ‘इंटिग्रेटेड’ म्हणवणाऱ्या कनिष्ठ महाविद्यालयांत नाव कॉलेजात आणि मूल दिवसभर क्लासमध्ये, असा व्यवहार चालतो. हे रोखण्यासाठी 2018 मध्ये सरकारने मोठ्या शहरांच्या विभागांत विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. त्याने हा प्रकार थांबला नाही. नीट किंवा जेईईसाठी क्लास लावावा की नाही हा घराचा प्रश्न आहे. पण सोळाव्या वर्षी प्रयोगशाळा, मैदान, नाटक, मित्र आणि विषयाची गोडी लावणारा एखादा शिक्षक यांतले काहीच न मिळता दोन वर्षे फक्त सराव परीक्षांत गेली, तर त्याची किंमत मूल नंतर मोजते. लातूरने नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याबाहेरही गुणवत्ता घडते हे दाखवून दिले. तो ‘लातूर पॅटर्न’ ज्यांना मानवतो त्यांनी जरूर निवडावा. ज्याला तो मानवत नाही त्याला तिथे ढकलू नये.

शाखा महत्त्वाची की कॉलेज, हा वाद दरवर्षी रंगतो आणि त्याला एकच एक उत्तर नाही. रसायनशास्त्रात मनापासून रमणाऱ्या विद्यार्थ्याला 1933 पासून या एका क्षेत्रात मुरलेली मुंबईची आयसीटी किंवा 1942 मध्ये सुरू झालेली नागपूरची लक्ष्मीनारायण ही संस्था जे देईल, ते कुठल्याही नव्या कॉलेजातली संगणक शाखा देणार नाही. ज्याची आवड अजून ठरलेली नाही, त्याने विषय बदलण्याची मोकळीक कुठे अधिक आहे ते पाहावे. स्वायत्त महाविद्यालये अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात. तेव्हा त्यांचा अभ्यासक्रम आधी वाचावा आणि तो आपल्या मुलाच्या चालीशी जुळतो का ते पाहावे. रँकिंग आणि नॅकच्या श्रेणीचा उपयोग मर्यादित ठेवावा. 2016 पासून प्रसिद्ध होणाऱ्या एनआयआरएफच्या क्रमवारीत संशोधन आणि प्रतिमेलाही गुण असतात, त्यांचा पहिल्या वर्षाच्या वर्गाशी फारसा संबंध नसतो. फेब्रुवारी 2025 मध्ये तर नॅकच्या तपासणी समितीतील सदस्यांनाच लाच प्रकरणात सीबीआयने अटक केली. प्लेसमेंटचा सर्वाधिक पगाराचा आकडा फलकावर असतो. विचारायचा तो मधल्या विद्यार्थ्याचा पगार, आणि किती जणांना नोकरी मिळालीच नाही तो आकडा.

हे सारे प्रश्न शहरातला शिकलेला पालक कदाचित विचारेल. ज्या घरातून पहिलेच मूल कॉलेजात निघाले आहे, त्यांना ते सुचणार कसे आणि उत्तरे देणार कोण? म्हणून ही जबाबदारी एकट्या पालकांवर टाकून चालणार नाही. प्रवेशाच्या संकेतस्थळावर प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे कटऑफबरोबरच पूर्णवेळ शिक्षकांची विभागवार संख्या, सर्व शीर्षांसह वार्षिक शुल्क, वसतिगृहातील जागा, शुल्कमाफी लागू आहे की नाही, मागच्या तीन वर्षांचा निकाल आणि मध्येच शिक्षण सोडलेल्यांचे प्रमाण, ही माहिती मराठीत दिसली पाहिजे. सरकारकडे आणि विद्यापीठांकडे ती वेगवेगळ्या नोंदींत आधीच पडून आहे. ती एका ठिकाणी आणण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. खोटी माहिती देणाऱ्या कॉलेजची प्रवेशक्षमता कमी करण्याची तरतूद मात्र हवी. पसंतीक्रम भरण्याच्या खिडकीलाही मोजक्या दिवसांऐवजी किमान दोन आठवडे मिळावेत. या काळात प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी पालकांना फुकट मार्गदर्शन करणारे केंद्र असावे, आणि तिथे क्लासच्या प्रतिनिधीला प्रवेश नसावा.

निवड चुकलीच तर मागे फिरता येते, हेही मुलांना सांगायला हवे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमानुसार प्रवेश रद्द करणाऱ्याला ठरलेल्या प्रमाणात शुल्क परत मिळते आणि कोणत्याही संस्थेला मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. पण ती चुकूच नये म्हणून राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण आणि शालेय शिक्षण विभागांनी पुढच्या प्रवेशफेरीआधी वरील माहिती जाहीर करावी. आणि पालकांनी पसंतीक्रम भरायला बसताना माऊस मुलाच्या हाती द्यावा.