समजुतीचा कागद

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण सर्वांनी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिलेली आहे. त्या वेळी बाईंनी मला पैकीच्या पैकी गुण दिले होते. आज ती म्हण मला तितकीशी खरी वाटत नाही. मुठीत काय झाकले आहे, आणि ती झाकून ठेवण्यात फायदा कोणाचा, हे कोणी विचारीतच नाही. मित्रमैत्रिणींनो, हा लेख मी उपदेश करण्यासाठी लिहीत नाही. माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती तुमच्या हातून होऊ नये एवढ्याचसाठी लिहीत आहे.

आमच्या शेजारी एक वहिनी राहतात. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि छापण्यापूर्वी त्यांना विचारले आहे.) त्यांचा नवरा रात्री पिऊन येतो आणि मारतो, ही गोष्ट साऱ्या आळीला ठाऊक आहे. भिंतीला भिंत लागलेली, त्यामुळे ऐकू येत नाही असे कोणी म्हणू शकत नाही. एका रात्री त्या दोन्ही मुलांना घेऊन आमच्या पडवीत येऊन बसल्या. कपाळ फुटले होते. आईने हळद लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली चार जाणती माणसे जमली आणि मला बोलावणे आले. "बाय, तू कॉलेजात जातेस, तुझं अक्षर चांगलं आहे, तूच कागद लिही."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. रेशनकार्डाचा अर्ज, बँकेची पावती, कोणाचा दाखला, असे आळीतले सारे कागद माझ्याकडेच येतात. त्याचा मला थोडा अभिमानही होता. मी मांडी घालून बसले आणि सांगतील तसे लिहिले : 'आम्हा दोघांत गैरसमजातून वाद झाला. यापुढे मी नवऱ्याचे ऐकून घरात नीट राहीन. नवऱ्याने दारू कमी करावी. दोघांनी एकमेकांविरुद्ध कोठेही तक्रार करू नये.' वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या. सही करण्यापूर्वी म्हणाल्या, "काय लिहिलंस ते एकदा वाच." मी वाचून दाखवले. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी सही केली.

त्या कागदात फुटलेल्या कपाळाचा उल्लेख नव्हता. नीट राहण्याची हमी दिली होती ती मार खाणारीने!

दीड महिन्याने पुन्हा तोच प्रकार झाला. या वेळी वहिनी आमच्या पडवीत आल्या नाहीत. कागदावर सही झालेली होती ना! माझ्या सुवाच्य अक्षराने त्यांची आमच्या दारापर्यंतची वाटसुद्धा बंद केली होती.

पुढे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एका वकील बाईंचे व्याख्यान ऐकले आणि मी अक्षरशः खाली मान घालून बसले. 'महिलांचे कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण' हा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो देशात लागू आहे. म्हणजे मी बालवाडीत जाण्याच्याही आधीपासून! आणि मी तो कागद लिहिला तेव्हा मला त्याचे नावही माहीत नव्हते.

या कायद्याच्या दृष्टीने हिंसा म्हणजे केवळ मारझोड नव्हे. शिवीगाळ, सततचा अपमान, लैंगिक बळजबरी, घरखर्चाला पैसे न देणे, बाईची मजुरी वा दागिने काढून घेणे, हे सारे हिंसाचारच होय. दाद पत्नीच मागू शकते असेही नाही. त्या घरात राहणारी आई, बहीण, विधवा सून हीही मागू शकते. घर बाईच्या नावावर नसले तरी तिला त्यातून मनमानीने हाकलता येत नाही. न्यायदंडाधिकारी मारहाणीस मनाई करू शकतात, राहत्या घराचा हक्क, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा याविषयी आदेश देऊ शकतात. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

पुष्कळ बायका म्हणतात, "मला त्याला तुरुंगात घालायचं नाही, फक्त मार थांबायला हवा." १९८३ साली आलेले ४९८-अ हे कलम (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ८५वे कलम झाले आहे) फौजदारी स्वरूपाचे आहे. कमावता माणूस आत गेला तर चूल कशी पेटणार, या भीतीने बाई त्या वाटेला जात नाही. २००५ चा कायदा नेमका अशा बाईसाठी आहे. आधी आदेश, आणि आदेश मोडला तर शिक्षा.

मला सर्वांत अधिक बोचली ती गोष्ट निराळीच. या कायद्याच्या २००६ च्या नियमांत समुपदेशनाची तरतूद आहे. म्हणजे समजूत घालणे कायद्यालाही वर्ज्य नाही. पण तेथे 'तिने असे केले म्हणून मी मारले' ही सबब पुरुषाला मांडता येत नाही, आणि पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याने द्यायची असते. आमच्या कागदावर सारे उलटे होते. शिवाय 'कोठेही तक्रार करू नये' असे लिहून घेतले तरी बाईचा हक्क संपत नाही. तो कागद कायद्यापुढे टिकत नाही, तो फक्त बाईच्या मनापुढे टिकतो.

यावर कोणी म्हणेल, गावची जाणती माणसे काय वाईट हेतूने जमतात? मुळीच नाही. मध्यरात्री धावून येतात ती शेजारचीच माणसे; न्यायालय धावून येत नाही. कायद्यात तीन दिवसांच्या आत पहिली तारीख आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न असे म्हटले असले तरी प्रत्यक्षात तारखा लांबतात, हेही खरे. म्हणून गावाने मध्ये पडूच नये असे माझे म्हणणे नाही. मध्ये पडावे, पण मार थांबवण्यासाठी. बाईचे तोंड थांबवण्यासाठी नव्हे. कपाळ फुटल्यावर तिला दवाखान्यात नेणे ही मदत. तिच्याकडून हमी लिहून घेणे ही मदत नव्हे.

आणि ही एका आळीची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याने नवऱ्याकडून हिंसा सोसलेली आहे. देशभरात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम चौदा जणींनी कोणाकडे तरी मदत मागितली. बाकीच्यांच्या मुठी झाकलेल्याच!

मदत कोठे असावी, याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रानेच पूर्वी दिले आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा त्यांनी नुसते घर उघडले नाही. अडलेल्या विधवेला वाट कळावी म्हणून शहरात फलकही लावले. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. २००१ मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र निघाले, कारण मार खाल्लेली बाई आधी औषधाला जाते. बाई जेथे जाते तेथे मदत ठेवायची, हे यातले शहाणपण.

आता आपल्या खालापूर-कर्जतकडे पाहू. आपल्या तालुक्यातून द्रुतगती मार्ग जातो. मुंबई-पुण्याची माणसे तासा-दोन तासांत इकडची तिकडे होतात. पण मार खाल्लेल्या बाईला खालापूरच्या न्यायालयापर्यंतचे चार-पाच मैल ओलांडता येत नाहीत! जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग, पेणवरून एस.टी.ने जायचे म्हणजे रोज बुडतो. २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले, पण बुडालेल्या मजुरीला सवलत नाही. वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी बाईला तर आज कोणत्या तालुक्यात आहोत हाच प्रश्न. कायद्याने मात्र हिची सोय पाहिली आहे : बाई तात्पुरती जेथे राहते तेथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो. माहेरी कर्जतला आलेली मुलगी कर्जतलाच दाद मागू शकते. वकिलाची फी नाही म्हणून अडायचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

दोष आपल्या अज्ञानाचाच आहे असेही नाही. तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा आणि या कायद्याची माहिती लोकांपर्यंत पोहोचवा, असे राज्यांना सांगण्याची वेळ २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयावर आली. कायदा होऊन वीस वर्षे झाल्यावर!

मग आपण काय करायचे? आपण न्यायाधीश नाही, वकीलही नाही. पण आपल्यापैकी अनेक जण आपापल्या वाडीचे लेखनिक आहेत. एवढे तरी आपल्याला जमेल :

कोणाच्याही सांगण्यावरून असा समजुतीचा कागद लिहू नये. लिहायचेच तर काय घडले, केव्हा घडले, कोठे लागले, हे बाईच्या शब्दांत लिहावे आणि कागद तिच्यापाशी द्यावा. दवाखान्यात 'पडले' असे न सांगता खरे कारण सांगायला तिला धीर द्यावा आणि केसपेपर जपून ठेवावा. आधार, रेशनकार्ड, लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती विश्वासाच्या घरी ठेवाव्यात. धोका समोर असेल तर ११२, स्त्रियांच्या मदतीसाठी १८१, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. हे क्रमांक अंगणवाडीत, आरोग्य केंद्रात, रेशनच्या दुकानात, एस.टी. थांब्यावर मोठ्या अक्षरांत रंगवावेत. आपल्या शिबिरात आपण भिंती रंगवतोच; यंदा एक भिंत याची असावी. नवऱ्यासमोर बाईला काही विचारू नये, आणि ती कोठे गेली हे चौकात बोलू नये. शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देता येते. सद्हेतूने दिली तर त्याच्यावर दावा वा खटला चालत नाही. 'आपण कशाला मध्ये पडा' या वाक्याला कायद्याने केव्हाच उत्तर दिले आहे.

शिबिराहून आल्यावर मी वहिनींकडे गेले. तो कागद मी चुकीचा लिहिला, त्याने तुम्ही बांधल्या गेलेल्या नाहीत, असे सांगितले. त्या बराच वेळ तांदूळ निवडीत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुलाची परीक्षा होऊ दे, मग बघू." मला वाटले होते त्या लगेच उठतील. पण केव्हा उठायचे हे ठरवणारी मी कोण? एक कागद त्यांच्यावर मी लादला होता. आता निर्णयही लादायचा नव्हता. मी तीन क्रमांक लिहून दिले, आणि रात्री कितीही वाजता आमचे दार वाजवा म्हणाले.

त्यांनी ती चिठ्ठी घेतली. कोठे ठेवली ते मी येथे लिहिणार नाही. एवढी मूठ मात्र झाकलेलीच बरी.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला शाखा