४११०५२ चा जनक कोण?

बालमित्रांनो, पत्त्याखाली पिनकोड लिहिता ना? ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. कर्वेनगरचा पिनकोड ४११०५२. टपालखात्याने तो सोयीसाठी दिला; पण संख्या म्हणून त्याचा स्वभाव कसा आहे? ज्या महर्षी कर्व्यांचं नाव या भागाला आहे, ते फर्ग्युसन कॉलेजात गणितच शिकवत. तेव्हा विचारायला हरकत नाही!

आधी ४ ने भागा. येतात १०२७६३. आता ३, ५, ७, ११ असं करत ३१७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहा. ६५ भागाकार होतील आणि एकही सुटणार नाही! पुढे जायची गरजच नाही, कारण ३२१ चा वर्ग १०३०४१, म्हणजे आपल्या संख्येहून मोठा. थोडक्यात, १०२७६३ ही स्वतःच मूळ संख्या आहे.

आता खरी गंमत. देवळालीच्या शाळेत द. रा. कापरेकर नावाचे गणिताचे मास्तर होते (१९०५-१९८६). तेही फर्ग्युसनचेच विद्यार्थी. अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो, त्या संख्येला त्यांनी नाव दिलं 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी. सदाशिव पेठेचा ४११०३० हर्षद आहे: बेरीज ९, भागाकार ४५६७०. कर्वेनगरची बेरीज १३. भाग जात नाही. हिरमुसू नका.

कापरेकरांचा दुसरा खेळ असा: संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या 'जन्मते'. मग ४११०५२ चा जनक कोण? ४११०४१! अंकांची बेरीज ११, ती मिळवली की झाले ४११०५२. आणि ४११०४१ हा पिनकोड कुठला? मुठेपलीकडच्या वडगाव बुद्रुकचा! हा निव्वळ योगायोग, पण काय झकास योगायोग! आणखी मागे गेलात तर ४११०३१, ४११०१७, ४११०१० असं करत ४११००२ ला, थेट शुक्रवार पेठेत पोचाल.

अशा कामाला काही गणिती पोरखेळ म्हणून हसत. पण १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात कापरेकरांवर लिहिलं आणि नाशिकजवळचे हे मास्तर जगाला ठाऊक झाले.

काही संख्यांना जनकच नसतो. त्या 'स्वयंभू'. कसबा पेठेचा ४११०११ तसा आहे. (तिथल्या गणपतीलाही भाविक स्वयंभूच मानतात, बरं का!) विश्वास बसत नाही? मग तपासा. सहा अंकांची बेरीज ५४ हून जास्त होऊच शकत नाही, म्हणून जनक असलाच तर तो मागच्या ५४ संख्यांतच सापडायला हवा.

कोथरूडच्या ४११०३८ ला मात्र जनक आहे. कोण, ते शोधा. आई-बाबांना मदतीला घेतलंत तरी चालेल. कॅल्क्युलेटर मात्र लपवून ठेवा!