द्विदलांचें नत्र फुकट नव्हे

पुरंदरचा वाटाणा असो कीं दौंड-शिरूरकडील हरभरा असो, द्विदल पिकामागून घेतलेलें धान्य जोमानें येतें, हा आपल्या वाडवडिलांचा अनुभव आहे. त्यासच ते चांगला बेवड म्हणत. याचें कारण जर्मनींतील हेल्रीगेल यांनीं १८८६ सालीं जाहीर केलें, व १८८८ मध्यें हॉलंडच्या बायरिंक यांनीं मुळांवरील गांठींतले जिवाणू वेगळे करून दाखविले. तेव्हांपासून द्विदल पीक हवेंतून नत्र फुकट आणतें, हें वाक्य सर्वतोमुखी झालें आहे. त्यांतील ‘फुकट’ या शब्दासच आमची हरकत आहे.

आमचें आयुष्य महसुली हिशेबांत गेलें. एका खात्यावर नांवें पडल्यावांचून दुसऱ्यावर जमा होत नाहीं, हें आम्ही तेथें शिकलों. हवेंतील नत्राचे दोन अणू एकमेकांस घट्ट जखडलेले असतात. ते सोडविण्यास खताच्या कारखान्यांत चार-पांचशें अंश उष्णता व हवेच्या दीड-दोनशें पट दाब लागतो. गांठींतील जिवाणू तेंच काम मातीच्या साध्या उष्णतेंत करतात. परंतु त्यास लागणारी शक्ति झाडाच्या साखरेंतून येते. एक किलो नत्रामागें सुमारें सहा-सात किलो कर्ब, म्हणजे जवळजवळ पंधरा किलो साखर खर्ची पडते. एकरीं २० किलो नत्र बांधलें गेलें, तर पानांनीं तीन क्विंटल साखर करून मुळांकडे पोंचविली असें समजावें.

हा खर्च ध्यानांत घेतला म्हणजे आपल्या चुका उघड होतात. झाड हिशेबी आहे. युरिया सढळ हातानें दिला, तर आयतें नत्र स्वस्त पडतें व झाड गांठी पोसण्याचें टाळतें. पेरणीबरोबर शिफारशीची अल्प मात्रा पुरे. स्फुरद कमी पडलें, तर शक्तीची देवघेवच अडते. कारण ज्या पदार्थाच्या रूपानें ती देवघेव होते, त्यांत स्फुरद असतें. दाट सांवलींत साखर तयार होत नाहीं आणि तुंबलेल्या पाण्यांत गांठींस हवा मिळत नाहीं. कडधान्यास कांहीं लागत नाहीं असें म्हणून त्यास सर्वांत उपाशी तुकडा द्यावयाचा व मग बेवडाची अपेक्षा करावयाची, हा अन्याय होय.

शिवाय बांधलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यांबरोबर बाजारांत जातो. मागें राहतो तो मुळें, गळलेला पाला व भुसा यांत. हरभरा मुळासकट उपटला आणि भुसाही विकला, तर पुढील पिकास काय उरणार? पीक विळ्यानें कापावें. भुसा गोठ्यांतून शेणखताच्या रूपानें शेतांत परत यावा.

बियाण्यास जिवाणूसंवर्धन अवश्य चोळावें. पुण्याच्या कृषि महाविद्यालयांत तें तयार होतें; १० किलो बियाण्यास २५० ग्रॅमचें पाकीट पुरतें. पेरणीनंतर महिना-सवा महिन्यानें एखादें रोप हळूच खणून गांठ नखानें चिरावी. आंत गुलाबी दिसली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट दिसली तर नाहीं.

सात-बाऱ्याच्या उताऱ्यावर पिकाचें नांव चढतें. त्या पिकानें जमिनीस काय दिलें व काय नेलें, याची नोंद कोणताही तलाठी करीत नाहीं. ती शेतकऱ्यानें स्वतःच ठेवावी, एवढीच आमची विनंति आहे.