न उघडणारी खिडकी

आमच्या मोटारीला एकूण काचा किती, असे मला कोणी विचारले असते तर मी विश्वासाने सहा असे सांगितले असते. पुढची एक, मागची एक आणि चार दारांच्या चार. सहा वर्षे गाडी वापरली, दर रविवारी ओल्या फडक्याने पुसली, तरी गणती चुकलेलीच होती. श्रावणातल्या एका सकाळी सातवी काच फुटली तेव्हा समजले की त्या आठ आहेत.

मागच्या दाराच्याही मागे, डिकीच्या अलीकडे, दोन्ही अंगांना एकेक तिरपी, लहानशी काच असते. ती वरखाली होत नाही, तिला हँडल नाही की बटण नाही. गॅरेजवाले तिला क्वार्टर ग्लास म्हणतात. गाडी मागे घेताना कोपऱ्यातले दिसावे आणि मागच्या आसनावर थोडा उजेड पडावा, एवढेच तिचे काम.

झाले असे की, आमच्या सांगलीतील विश्रामबागेच्या सोसायटीत पावसाळ्याचे गवत वाढले होते आणि ते कापायला कंत्राटदाराचा मुलगा आला होता. मुलगा म्हणजे विशीतला कामगार. खांद्याला पट्टा लावून चालवायचे ते ग्रास कटरचे यंत्र. मी गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होतो. फट्‌ असा आवाज झाला आणि पाठोपाठ खडीसाखर सांडावी तसा आवाज. खाली पाहिले तर यंत्र बंद करून तो मुलगा गाडीपाशी उभा. आजूबाजूला कोणी नव्हते. निघून गेला असता तर मला दुपारपर्यंत कळलेही नसते. मी खाली उतरताच तो म्हणाला, "काका, माझ्याकडनं झालं. खडा उडाला." खिशातून त्याने पाचशेची एक नोट काढली. ती त्याच्या दिवसाच्या मजुरीतली होती की उसनी, हे मी विचारले नाही. नोट परत त्याच्या खिशात ठेवायला लावली आणि फुटक्या काचेकडे वळलो.

काच म्हणावे असे तिथे काही उरले नव्हते. पुढच्या काचेला खडा लागला तर तडा जातो, पण काच जागेवर राहते. कारण ती दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पारदर्शक थर दाबून बनवलेली असते. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. काच सहाशे अंशांहून अधिक तापवून तिच्यावर हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधी थंड होतो, गाभा मागून. त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. हा तोल असेपर्यंत काच चांगली मजबूत. एका ठिकाणी टोकदार घाव पृष्ठभागाच्या आत उतरला की सगळा ताण एकदम मोकळा होतो आणि साऱ्या काचेचे मण्यांसारखे तुकडे होतात. हे मुद्दाम तसे केलेले असते, कारण मणी बोचतात पण साध्या काचेच्या पात्यासारखे कापत नाहीत.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण आमचा पुतण्या. त्याचे काच आणि प्लायवूडचे दुकान आहे. तो म्हणाला, "काका, कशाला खर्चात पडता? माप द्या, पाच मिलीमीटरची काच कापून देतो, दोनशे रुपयांत काम." टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही, कापायला जावे तर वर सांगितल्याप्रमाणे तिचे मणी होतात. म्हणजे तो देणार होता ती साधी खिडकीची काच. अपघातात तिचे सुरे होतात, आणि मागच्या आसनावर आमची नात बसते. शिवाय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडीच्या काचा सुरक्षा काचेच्याच असाव्या लागतात आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार व्हावा लागतो. दुकानाच्या फळीवरची काच शोकेसला शोभते. पुतण्याने ते मान्य केले. धंद्यातला माणूस आहे, मालाचा फरक सांगितला की त्याला कळतो.

मग प्रश्न आला पैशाचा, आणि इथे माझा जुना व्यवसाय जागा झाला.

विमा एजंटाने फोनवरच सांगितले, "साहेब, क्लेम करून टाका. काचेवर घसारा लागतही नाही." त्याचे म्हणणे खरे होते. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर घसारा निम्मा धरतात, काचेवर काहीच नाही. पण हिशेब तिथे संपत नाही. नवी काच २,४०० रुपयांची. सीलंट, बीडिंग आणि मजुरी मिळून १,१००. एकूण ३,५००. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यातील पहिले १,००० रुपये आपणच सोसायचे असतात. म्हणजे हाती येणार साधारण २,५००.

आता जमेच्या समोरची नावेची बाजू पाहा. लागोपाठ पाच वर्षे दावा न केल्याने मला नो क्लेम बोनस ५० टक्के मिळत होता. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ६,००० असेल तर मी ३,००० भरत होतो. एक दावा केला की बोनस शून्य. पुढच्या वर्षी पूर्ण ६,०००. नंतर दावा न केल्यास २०, २५, ३५, ४५ आणि मग पुन्हा ५० टक्के, अशा पायऱ्या चढायच्या. दरवर्षी जादा पडणारी रक्कम ३,०००, १,८००, १,५००, ९०० आणि ३००. बेरीज ७,५००. गाडीची विम्यातली किंमत वर्षागणिक उतरते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून काहीसा कमी येईल, आणि कर वेगळा. तरीसुद्धा अडीच हजार मिळवण्यासाठी सहा-सात हजार घालवण्याचा व्यवहार कोणत्या पेढीवर मान्य होईल? बोनस राखून ठेवणारे जोडकलम ज्यांनी घेतले असेल त्यांचा हिशेब निराळा. त्यांनी पॉलिसी काढून वाचावी. ध्यानात ठेवायची आणखी एक गोष्ट अशी की, हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. गाडी विकून नवी घेतली तरी तो बरोबर नेता येतो. पुष्कळजण जुनी गाडी देताना हे विसरतात आणि नव्या गाडीचा पूर्ण हप्ता भरतात.

गॅरेजच्या मालकाने याच्याही पुढची युक्ती सुचवली. गेल्या वर्षी फाटकाला घासून बंपरला पोचा आला होता. "तोही यातच घालू. आजचीच तारीख टाकायची. मग क्लेम परवडतो." शेजारी उभा असलेला पुतण्या म्हणाला, "काका, सगळेच करतात."

मला एकदम २००५ चा पूर आठवला. कृष्णेचे पाणी बाजारपेठेत शिरले होते आणि मी शाखेत कर्जविभाग पाहत होतो. पाणी ओसरल्यावर भिजलेल्या मालाच्या याद्या आमच्याकडे येऊ लागल्या. बहुतेक याद्या खऱ्या, वाचताना पोटात तुटावे अशा. एका यादीत मात्र आधीच विकून झालेला माल होता. त्याची बिले आमच्याच नस्तीत होती. तो माल विकला गेल्यानंतर पुन्हा भिजला होता! हे मी हसण्यासाठी सांगत नाही. त्या एका यादीनंतर आम्ही बाकीच्या साऱ्या याद्या संशयाने तपासू लागलो, आणि ज्यांचे खरोखर गेले होते त्यांना एकेका पोत्याचा पुरावा मागत बसलो. मागणाऱ्यांत मीही होतो. पुतण्याला एवढेच म्हटले, की बंपरचा पोचा गेल्या वर्षीचा आहे आणि तो तसाच राहू दे. तो अजून तसाच आहे.

काच पुण्याहून मागवली. दुकानदाराने फोनवर विचारले, "डावी की उजवी?" मी गाडीच्या नाकासमोर उभा होतो, माझ्या उजव्या हाताची बाजू फुटलेली दिसत होती. मी म्हणालो, उजवी. दोन दिवसांनी ट्रॅव्हल्सच्या पार्सलने आली ती उलट्या अंगाची काच. गाडीची डावी-उजवी नेहमी चालकाच्या आसनावर बसून ठरवायची असते, हे साठी ओलांडल्यावर शिकलो. डावी काच उजवीकडे बसत नाही, कारण तिरपेपणा आणि बाक दोन्ही उलटे. परत पाठवण्याचे भाडे माझ्याच नावे पडले. दुसऱ्या वेळी मात्र चासी नंबर, गाडीचे वर्ष आणि फुटलेल्या बाजूचे छायाचित्र पाठवले.

मधल्या दिवसांत त्या भोकाला जाड प्लॅस्टिक लावले होते. त्याची चिकटपट्टी रंगावर ठेवायची ती रंगारी वापरतात ती कागदी. साधी खाकी पट्टी उन्हात भाजली की रंग घेऊनच निघते.

बसवण्याचे काम मी स्टुलावर बसून पाहिले. कारागिराने आधी आतले प्लॅस्टिकचे पॅनेल क्लिपा न तोडता सोडवले. पॅनेलच्या मागे ओंजळभर मणी निघाले. मग जुन्या सीलंटची कड त्याने पात्याने छाटली. पत्र्यापर्यंत खरवडली नाही, पातळसा थर ठेवला. नवे सीलंट जुन्या थराला चांगले धरते, आणि पात्याने रंग गेला तर तिथून गंज सुरू होतो, असे तो म्हणाला. काचेच्या कडेला काळी पट्टी असते. ती मला आजवर शोभेची वाटत होती, पण उन्हाने सीलंट खराब होऊ नये म्हणून ती तिथे असते. त्या पट्टीवर प्रायमर, ते सुकल्यावर पीयू सीलंटची सलग, उभी धार, आणि मग काच एकदाच नेमकी टेकवून दाबायची. धार कुठे तुटली तर पहिल्या पावसात पाणी तिथूनच येते. न्हाणीघरात वापरतात ते सिलिकॉन स्वस्त पडेल का, असे मी विचारले तेव्हा त्याने माझ्याकडे, मी पूर्वी तारणाशिवाय कर्ज मागणाऱ्याकडे पाहत असे, तसे पाहिले.

पीयू सीलंट हवेतल्या दमटपणाने घट्ट होते, म्हणून श्रावणाची हवा त्याला मानवते; मात्र लावताना पत्रा आणि काच कोरडी ठणठणीत हवी. पट्ट्या लावून गाडी दिवसभर उभी ठेवली. कारागिराने पुढची एक काच बोटभर खाली ठेवायला सांगितले, कारण सगळ्या काचा बंद असताना दार आपटले तर आतल्या हवेचा धक्का ओल्या सीलंटला बसतो. दोन दिवस धुवायचे नाही, हेही बजावले. मग नळीने पाणी मारून आतून हात फिरवून पाहिला, कोरडे होते.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली. आसने, पायपुसणी, डिकी, सारे व्हॅक्यूमने साफ केले होते. पुढच्या रविवारी नात मागे बसली, तिने पट्टा ओढला आणि "आजोबा, टोचलं!" म्हणून ओरडली. पट्ट्याच्या गुंडाळीत दोन मणी अडकले होते. बोटाला टिचभर ओरखडा, एवढेच. पण सौभाग्यवतींनी त्या दिवशी माझ्या हिशेबीपणाविषयी जे उद्गार काढले ते इथे देत नाही. कोणावर अशी वेळ आली तर पट्टा शेवटपर्यंत ओढून झटकावा आणि आसनाच्या सांध्यात बोट न घालता चिमटा घालावा.

राहता राहिला तो मुलगा. सोसायटीतले एक गृहस्थ म्हणाले, कंत्राटदाराच्या बिलातून कापून घ्या. कंत्राटदार ते मुलाच्या मजुरीतून कापणार, हे उघड होते. मी यंत्र पाहायला गेलो. पात्याच्या मागे असायचे ते खडे अडवणारे कवच त्याला नव्हतेच. काढून टाकलेले होते. कंत्राटदाराला विचारले तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, कवच असलं की ओलं गवत अडकतं, वेळ जास्त लागतो. तुमच्या दरात तेवढा वेळ बसत नाही."

तो दर मीच ठरवला होता. सोसायटीचा खजिनदार गेली चार वर्षे मी आहे. तीन कोटेशने आली होती, सर्वांत खालचे मी निवडले, आणि महिन्याला सहाशे रुपये वाचवल्याबद्दल वार्षिक सभेत माझे आभारही मानले गेले. इतिवृत्तात ते आहे.

बिल मी सोसायटीकडे दिले नाही. पुढच्या मासिक बैठकीत दर वाढवून कवचाची अट घालण्याचा ठराव मांडला. एका सभासदाने विरोध केला. म्हणाले, खजिनदारांची काच फुटली म्हणून सगळ्यांनी का भरायचे? प्रश्न गैर नव्हता. मी काच न फुटता हा ठराव मांडला नसता, हे मी त्यांना सांगून टाकले. ठराव दोन मतांनी संमत झाला.

कवच आता यंत्रावर आहे. तरीही गवत कापायच्या दिवशी तो मुलगा आधी वर येतो, दाराची बेल वाजवतो आणि म्हणतो, "काका, गाडी तेवढी पलीकडं लावता का?" मी किल्ली घेऊन खाली उतरतो.