कान कोणाच्या बापाचे?

दोस्तहो, पांढरकवड्यात बसून मी यंत्रावरच्या संगीताचा पन्नासेक मिनिटांचा अल्बम अथपासून इतिपर्यंत ऐकला. आपली पोरं म्हणतात, 'भीमगीतं सोडून हे काय आयकतं बे?' पलीकडचे पंडित म्हणतात, 'तुम्हाला रागातलं काय कळतं?' दोघांनाही उत्तर एकच : कान माझे, निकाल माझा.

1982 साली मुंबईत चरणजित सिंग या सिनेमाच्या वाद्यवृंदातल्या वादकाने दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रोलंडची यंत्रं, बस्स. बैठक नाही, तबलजी नाही. तबकडी फारशी खपली नाही. 2010 मध्ये हॉलंडातून पुन्हा निघाली, गोऱ्यांनी वाहवा केली, तेव्हा इथल्या जाणकारांना जाग आली!

माझा निकाल ऐका. भैरव अंगावर येतो. खालचा बेस सापासारखा वळवळतो. पण पाचव्या रागापर्यंत जीव कंटाळतो. ठेका तोच, तसाच. ढोलकीवर थाप पडली की काळजात हलतं, ते इथं नाही. दोष यंत्राचा नाही. तेच बेसचं यंत्र शिकागोच्या काळ्या पोरांनी पिळलं आणि 1987 मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' काढून नवं संगीत उभं केलं.

ढोलकीचं चामडं कमावलं आम्ही, आणि सूर पारखणार फक्त ते? नाही चालणार! बाबासाहेबांनी चिकित्सा शिकवली, ती कानालाही लागू आहे. राग म्हटला की मान तुकवू नका. अन् भीमगीत बेसूर असलं तर तेही बेसूरच म्हणा. आधी पुरतं ऐका. मग बेधडक बोला.