छातीवरची खातेवही

बदलापूर-अंबरनाथहून लोकलने परळला उपचारासाठी जाणाऱ्यांपैकी काहींना तेथील रेडिएशन मेडिसिन सेंटर ठाऊक असते. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते १९६३ मध्ये सुरू केले. थायरॉइडच्या रुग्णास तेथे किरणोत्सारी आयोडीन एखाद्या वेळी घ्यावे लागते. अशी औषधे हाताळणारा कर्मचारी मात्र त्यांच्या सान्निध्यात रोज असतो.

म्हणूनच अशा विभागांत कर्मचाऱ्याच्या छातीवर टीएलडी बिल्ला असतो. त्यातील चकत्या किरणांची नोंद साठवतात. दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत त्या तापवल्या की बाहेर पडणाऱ्या प्रकाशावरून मात्रा कळते. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. कोणत्याही एका वर्षात ३०.

बिल्ला किरणे अडवीत नाही, केवळ हिशेब ठेवतो. आकडा वाढेल या भीतीने तो खणात ठेवून काम करणे म्हणजे रोजमेळात खर्चाची बाजू कोरी ठेवणे होय. शिल्लक चांगली दिसते. तोटा शरीर सोसते. दोष मान्य केल्याखेरीज प्रतिक्रमण पूर्ण होत नाही, हे जैन घरातील मूलही जाणते.

उल्हासनगर परिसरातील एखादा व्यापारी ट्रस्ट रुग्णालयास असे यंत्र देऊ करील, तेव्हा कोनशिलेच्या मजकुराआधी त्याने एक प्रश्न विचारावा: येथील बिल्ल्यांचे त्रैमासिक आकडे कोण पाहतो? वाढलेल्या आकड्याबद्दल कर्मचाऱ्यास बोल न लावता कारण शोधले जात असेल, तरच बिल्ला खणात न जाता छातीवर राहील. जीवदयेत तो कर्मचारीही येतो.