विश्लेषण : गोदाकाठी शिंपले सापडतात, म्हणजे परभणीत समुद्र होता का?

गोदावरीच्या दरडीत किंवा काठच्या शेतात विहीर खोदताना पांढरे शिंपले निघाले, की 'इथे पूर्वी समुद्र होता' ही चर्चा हमखास सुरू होते. समुद्र नव्हता. पण ते शिंपले बिनकामाचेही नाहीत.

समुद्र का नव्हता?

परभणी शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचावर आहे. अरबी समुद्र सरळ रेषेतही जवळपास तेवढेच किलोमीटर दूर. पृथ्वीवरचा सगळा बर्फ वितळला तरी समुद्र साधारण ६५ ते ७० मीटर चढेल. उलट सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, तो आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. जिल्ह्यातील काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्यावरचा गाळ गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांनी आणला आणि त्यातले शिंपले नदीचेच. त्यांचे लॅमेलिडेन्स, पॅरेशिया हे भाऊबंद आजही गोड्या पाण्यात राहतात.

शिंपल्यावरून पाणी कसे ओळखतात?

प्रत्येक शिंपल्याची जागा ठरलेली असते. कोकणात तिसऱ्या खाडीच्या वाळूत, चिखलात मिळतात, तर कालवे खडकाला चिकटतात. त्यामुळे जुन्या थरात काय सापडले यावरून तिथे खाडी होती की खडकाळ किनारा, हे कळते. नदीतल्या शिंपल्यांची गोष्ट आणखी मजेची आहे. त्यांची पिल्ले सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. मासा नाही तर शिंपला नाही. एखाद्या थरात लहानमोठ्या शिंपल्यांची वस्तीच सापडली, तर तिथे वर्षभर पाणी टिकणारा, मासे असलेला डोह होता असे धरता येते.

कवच थराथराने वाढते. त्यातील जड आणि हलक्या ऑक्सिजनचे प्रमाण मोजले, की समुद्राच्या शिंपल्यावरून पाण्याचे तापमान व खारेपणा यांचा अंदाज येतो. नदीच्या शिंपल्यात पावसाळ्याचे ताजे पाणी आणि उन्हाळ्यात आटलेले पाणी वेगळे दिसते. हवामान खात्याच्या नोंदी सुरू होण्याआधीचा पाऊस समजून घेण्याच्या मोजक्या वाटांपैकी ही एक.

कोकणातून काय कळले?

कोकण किनाऱ्यावर वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे चुन्याने घट्ट बांधले जाऊन तयार झालेला दगड आढळतो. स्थानिक लोक त्याला 'करळ' म्हणतात आणि बांधकामाला वापरत आले आहेत. त्यातील शिंपल्यांचे वय काढून किनारा कधी, कुठे होता हे शोधले जाते. मात्र भरतीच्या रेषेपेक्षा उंचावर शिंपला मिळाला म्हणून समुद्र तेवढा वर होता असे नाही. मोठी लाटही त्याला उचलून नेते, आणि माणूसही. दोन्ही झडपा जोडलेल्या असतील तर तो तिथेच जगला असण्याची शक्यता अधिक. फुटके, झिजलेले तुकडे बहुधा वाहून आलेले.

दापोली तालुक्यातील केळशीच्या वाळूच्या टेकाडावर नेमका हाच प्रश्न होता. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी त्याचा अभ्यास केला आणि तेथील एका थराचा संबंध त्सुनामीशी जोडला. पुढे सी. पी. राजेंद्रन व सहकाऱ्यांनी तो १५२४च्या त्सुनामीशी जुळवला. त्या वर्षी दाभोळजवळ वास्को द गामाच्या ताफ्याला समुद्राने हादरवल्याची पोर्तुगीज नोंद आहे. पश्चिम किनाऱ्याला त्सुनामीचा धोका किती, या आजच्या प्रश्नाचा एक धागा असा वाळूतल्या थरात आहे.

वय चुकू शकते?

चुकते. रेडिओकार्बन पद्धत साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच चालते. समुद्रात जुना कार्बन मिसळलेला असल्याने तेथील शिंपला सरासरी ४०० वर्षे अधिक जुना भासतो. मराठवाड्यात अडचण वेगळी, ती चुनखडीची. मातीतली चुनखडी पाण्यात विरघळते, शिंपला तीच कवचात घेतो आणि मूळ वयापेक्षा म्हातारा दिसतो. म्हणून एकट्या शिंपल्यावर विसंबून चालत नाही. त्याच थरातला कोळसा किंवा लाकूडही तपासावे लागते. विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी १९८७ मध्ये 'नेचर'मध्ये दख्खनच्या नद्यांचा इतिहास मांडला, तो अशाच कालमापनांच्या जोरावर. पाऊस दुबळा होता तेव्हा नद्यांनी गाळ साठवला आणि जोरदार झाला तेव्हा पात्रे खोल कापली, असे त्यातून दिसते.

मग परभणीत अडचण कोणती?

वाळू. शिंपल्याची किंमत त्याच्या थरात आहे. यंत्राने पात्र आणि दरड खरवडली, की दहा हजार वर्षांपूर्वीचा आणि गेल्या वर्षीचा शिंपला एकाच ट्रॅक्टरमध्ये जातो. ढालेगाव, मुदगल, डिग्रस या बंधाऱ्यांच्या फुगवट्याखाली जुन्या काठाचा काही भाग आधीच गेला आहे. वाळूघाटाच्या लिलावाआधी किती ब्रास वाळू निघेल याचा हिशेब होतो. दरडीत काय आहे, हे पाहण्याचा रकाना त्यात नसतो. विहीर खोदताना शिंपले दिसले तर ते उपसण्याआधी किती फुटांवर आहेत, झडपा मिटलेल्या की फुटलेल्या, याचा फोटो आणि टिपण ठेवले तरी भूगोल किंवा भूशास्त्राच्या अभ्यासकाला सुरुवात करता येते.